मदत हवी आहे : फिरत्या चकतीच्या प्रयोगात सेन्सर मधूनमधून दुप्पट वेग दाखवतो

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बीएस्सीच्या पोरांसाठी जडत्व आघूर्णाचा (फिरण्यातल्या बदलाला वस्तू किती विरोध करते त्याचं माप) प्रयोग लावलाय. २ किलोची, १५ सेंमी त्रिज्येची भरीव चकती, आसाला गुंडाळलेला दोरा, टोकाला वजन. कडेला एकच खाच असून ती इन्फ्रारेड सेन्सरमधून जाते. खाच गेली की येणारा पल्स (सिग्नलचा ठोका) आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या इंटरप्टवर (सिग्नल येताच दखल घेण्याची सोय) मोजतो.

½MR² नुसार उत्तर ०.०२२५ किग्रॅ·मी² यायला हवं. सकाळी जवळपास तेवढंच येतं. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की काही पल्स गळतात. उन्हातल्या इन्फ्रारेडमुळे सेन्सर आंधळा होत असावा, कारण पुठ्ठ्याचा आडोसा केला की बरंच सुधारतं.

खरी अडचण वेगळी आहे. चकती नुकतीच सुटून हळू फिरत असताना एका खाचेला दोन-तीन पल्स मोजले जातात. वेग वाढला की आपोआप बरोबर येतं. लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवरही तेच, म्हणजे ट्यूबलाइटचा १०० हर्ट्झचा लुकलुकाट कारण नाही. खाचेची कड हळू सरकताना सिग्नल उंबरठ्यावर थरथरतो, असा माझा कयास.

कोडमध्ये किमान वेळेचं बंधन घालू, की ७४एचसी१४ श्मिट ट्रिगर (थरथरता सिग्नल स्वच्छ करणारी चिप) लावू? वेळेचं बंधन घातलं तर जास्त वेगात खऱ्या पल्स तर सुटणार नाहीत ना? चुंबक लावून हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) कोणी वापरलाय का? पोरं स्वतःच आलेख काढून चुका शोधताहेत, त्यांचा हुरूप टिकवायचाय. सर्किटचा फोटो असेल तर नक्की टाका.