चौथीसाठी ‘इतर देश’ युनिट: विषय ओढूनताणून न जोडता कसं करायचं?

चौथीचावर्ग:
नमस्कार, चौथीसाठी चार आठवड्यांचं युनिट करायचंय, विषय ‘इतर देश’. भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, चित्रकला सगळं त्यात यायला हवं असं ठरलंय. मीटिंगमध्ये नेहमीचीच कल्पना निघाली, प्रत्येक गटाला एक देश, पोस्टरवर झेंडा, राजधानी, चलन, एक पदार्थ आणि शेवटच्या दिवशी पोशाख घालून सादरीकरण. मुलांना मजा येते हे खरंय पण पोस्टर भिंतीवरून उतरलं की डोक्यात काय उरतं? आणि गणिताच्या नावाखाली दोन देशांच्या लोकसंख्येची वजाबाकी, बस. देश किती घ्यावेत? कोणी असं युनिट घेतलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

निळीशाई:
ताई, देश किती ते नंतर बघू, आधी प्रश्न शोधा. ‘जपान’ एवढंच दिलं तर पोस्टरच होणार. ‘जपानमध्ये साकुरा (तिथली चेरीची फुलं) सगळीकडे एकाच वेळी का फुलत नाही?’ असं विचारलं की नकाशा उघडावाच लागतो. खाली क्युशू बेटावर मार्चच्या शेवटाकडे फुलं येतात, वर होक्काइदोला एप्रिल संपता संपता नाहीतर मे महिन्यात, कारण देश दक्षिणोत्तर लांबलचक आणि ऊब खालून वर सरकत जाते. शहरांच्या तारखा घेऊन मधले दिवस मोजायचे, आलेख काढायचा, गणित आपोआप आलं.

विज्ञान तर अजून भारी आहे. तिथल्या हवामान खात्याची ठरलेली नमुना झाडं असतात, त्यावर पाच-सहा फुलं उमलली की त्या ठिकाणी साकुरा फुलला असं जाहीर करतात. मुलांना विचारा, एकाच फुलावर का नाही ठरवत? दरवर्षी तेच झाड का बघायचं? बहुतेक ठिकाणी सोमेई योशिनो ही जात असते आणि ती कलमानं वाढवतात, म्हणजे झाडं मुळात एकसारखीच, मग फुलायची वेळ वेगळी झाली तर कारण हवेत शोधायचं. प्रयोगात बाकी सगळं सारखं ठेवायचं म्हणजे काय हे चौथीतल्या मुलाला यातून चटकन कळतं. भाषेसाठी हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता, आहेच, ओळींतल्या ५-७-५ अक्षरांची मोजणी मुलं टाळ्या वाजवून करतात.

गणितवेडी:
निळीशाईशी सहमत. गणितासाठी माझी आवडती गोष्ट म्हणजे इंका लोकांचं किपू, पेरू आणि आसपासच्या अँडीज पर्वतातलं. दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवायचे आणि पद्धत दशमानच. लोंबत्या दोरीच्या खालच्या टोकाला एकक, वर दशक, त्याच्यावर शतक. दशक-शतकाला साध्या गाठी, एककाला जितका अंक तितके वेढे दिलेली लांब गाठ, फक्त एकाला इंग्रजी आठच्या आकाराची वेगळी गाठ. आता मुलांना ३०४ बांधायला सांगा. वर तीन गाठी, खाली चार वेढ्यांची एक गाठ आणि मध्ये मोकळी दोरी. ती मोकळी जागा कुठे आणि किती सोडायची यावर मुलं अक्षरशः भांडतात, आणि शून्य कशाला लागतं ते त्या भांडणातच समजतं!!

नकाशावाला:
कल्पना छान आहेत पण एक सांगतो, किपू घेतलात तर त्याच आठवड्यात आजचं लिमा शहर पण दाखवा, बस, ट्रॅफिक, शाळेतली मुलं, सगळं. नाहीतर पेरूमध्ये लोक अजून दोऱ्यांनाच गाठी मारत बसलेत असं मुलांना वाटतं. पोशाखाच्या दिवसाला माझा विरोध आहे तो याचसाठी, सणाचे कपडे बघून रोजचं आयुष्य कळत नाही. आणि वर्गात कोणाचं कुटुंब दुसऱ्या देशातून आलं असेल तर त्या मुलाला ‘आता तू सांग’ म्हणून उभं करू नका, त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर उत्तम.

अजून एक. आफ्रिका हा एक देश नाही, तिथे ५४ देश आहेत, हे पहिल्याच दिवशी पृथ्वीगोलावर दाखवा. भिंतीवरच्या बऱ्याच नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं म्हणजे आफ्रिका साधारण चौदा पट मोठी आहे. संत्र्याचं साल अखंड काढून टेबलावर सपाट करायला सांगा, ते फाटतंच. मग नकाशा बनवणाऱ्यानं काय केलं असेल हे मुलांनाच सुचू द्या, तुम्ही सांगू नका.

चौथीचावर्ग:
खूप खूप आभार सगळ्यांचे! मग असं करते, पहिला आठवडा पृथ्वीगोल आणि संत्रं, पुढचे तीन जपान. पेरू सोडवत नाहीये पण वेळ पुरणार नाही. मार्क कशावर द्यायचे?

निळीशाई:
पेरू पुढच्या सत्रात स्थानिक किंमत शिकवताना घ्या, तिथे चपखल बसेल. मार्कांसाठी सोपं आहे, मुलांनी न पाहिलेल्या दोन जपानी शहरांचा नकाशा द्या आणि कुठे आधी फुलेल ते कारणासकट लिहायला सांगा. एक शहर डोंगरात उंचावर असू द्या, म्हणजे नुसतं ‘दक्षिणेला आहे म्हणून’ लिहून भागणार नाही, विचार करावा लागेल.