पेटंटची वकिली आणि लॉ कॉलेजात शिकवणं, दोन्ही जमतं का?

वर्धेकर:
मेकॅनिकल बी.ई. करून एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेटंटच्या दाव्यांत उलटतपासणी घ्यायची मनात आहे आणि शिकवायचीही फार ओढ आहे. सनद घेतल्यावर शिकवता येतं का? पेटंट एजंटची परीक्षा द्यावीच लागते का?

संध्याकाळची बॅच:
येतं. मी चौदा वर्षं तेच करतोय, दिवसा कोर्ट आणि सहाला वर्ग. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालास तर मात्र प्रॅक्टिस थांबवावी लागेल. एजंटची परीक्षा पेटंट ऑफिसातल्या कामासाठी. कोर्टात उभं राहायला सनद पुरते.

माझी उलटतपासणी सुधारली ती वर्गामुळे. दरवर्षी पहिल्या तासाला घरची पितळी ताटली नेतो आणि मिर्झापूरच्या भांडी कारखान्याचा १९७८ चा निकाल शिकवतो. लेथवर, म्हणजे भांडं फिरवून घासायच्या यंत्रावर, ते निसटून उडायचं, कामगाराला धोका. म्हणून टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या समोरच्या बाजूच्या सरकत्या आधाराच्या, टोकानं भांडं दाबून धरायची युक्ती काढली, तिचं १९५१ चं पेटंट. सुप्रीम कोर्टानं ते टिकू दिलं नाही. कुशल कारागिराला सहज सुचेल त्यापलीकडे त्यात काही नाही, असं ठरलं.

एकदा मागच्या बाकावरचा मुलगा उठला. वडिलांचं भोसरीत टर्निंगचं वर्कशॉप. म्हणाला, "सर, बाबा रोज असंच धरतात. पण ते आज. १९५१ साली त्यांना सुचलं असतं का?" ताटली हातात धरून मी गप्प उभा. पुढच्याच आठवड्यात तज्ज्ञ साक्षीदार "यात नवीन काय?" म्हणाला, तेव्हा मी तेवढंच विचारलं: पेटंटच्या तारखेआधी तुम्ही हे कुठे पाहिलं होतं? त्याला एकही कागद दाखवता आला नाही.

खंडपीठाजवळ:
राहायचं कुठे तेही आत्ताच ठरव. पेटंट कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे दावा जिल्हा कोर्टात लागतो, पण समोरच्यानं पेटंट रद्द करायचा प्रतिदावा टाकला की प्रकरण हायकोर्टात जातं. आणि टाकतातच. वर्ध्याहून रोज नागपूर करून वर शिकवणं होणार नाही.

वर्धेकर:
सर, तारीख लांबली आणि वर्ग राहिला तर?

संध्याकाळची बॅच:
रविवारी सकाळी आठला घेतो. मुलं येतात. भोसरीचा तो मुलगा ताटली घेऊन यायचा, घरच्या लेथवर घासलेली.