अनुभव धागा: गल्लीला आधी कळलेली प्रेमं

गेल्या वर्षी चार महिने लेकीकडे नॉर्थ कॅरोलिनात होते. जेवणं झाली की जावई एक जुनी विनोदी मालिका लावायचे, 'द अँडी ग्रिफिथ शो'. 1960 ते 1968 चाललेली, 249 भागांची, त्यातली पहिली पाच वर्षं कृष्णधवल. मेबेरी नावाचं काल्पनिक गाव. तिथला विधुर शेरीफ अँडी, त्याचा लहानगा ओपी, घर सांभाळणारी बी आत्या आणि हाताखालचा बार्नी. इंग्रजी सगळं कळायचं नाही, पण गाव पहिल्याच दिवशी कळलं. फ्लॉइड न्हाव्याच्या दुकानात बसलेली ती माणसं मी साताऱ्यात मोती चौकात रोज बघत मोठी झालेय.

एका भागात अँडी बी आत्याला बायकांच्या गावगप्पांवरून बोलतो. तिला ते लागतं. गावात बूट विकणारा एक फिरता विक्रेता उतरलेला असतो. हा टीव्हीसाठी कलाकार शोधायला आलाय, अशी हूल ती उठवते. मग गावातले बाप्ये त्याच्या खोलीवर रांग लावतात, आपली कला दाखवतात आणि बूट घेऊन परततात! मी इतकी हसले की लेक आतून बघायला आली.

पण मन अडकलं ते बार्नी आणि थेल्मा लू यांच्यात. त्यांचं जमलंय हे अख्ख्या गावाला ठाऊक, लग्नाचं मात्र नाव नाही. हा पठ्ठ्या उपाहारगृहातल्या हुआनिटाशी फोनवर गुलुगुलु बोलतो ते वेगळंच. हुआनिटा पडद्यावर कधी दिसत नाही. फोन जोडून देणारी सारासुद्धा दिसत नाही, पण तिला सगळं माहीत. बार्नी आणि थेल्मा लूचं लग्न लागलं ते थेट 1986 च्या टीव्ही चित्रपटात. ते बघताना माझे डोळे भरून आले. आमच्या वाड्यातल्या एका काकांचं लग्न असंच सेहेचाळिसाव्या वर्षी झालं. मुलगी समोरच्याच आळीतली. वीस वर्षं सगळा वाडा बघत होता आणि त्या दोघांनाच वाटत होतं, कुणाला माहीत नाही.

तुमच्या गावात, गल्लीत लोकांच्या बोलण्यानं जमलेलं किंवा मोडलेलं काही असेल तर इथे लिहा. नावं नकोत.

गावभाग, सांगली

ताई, तुमची सारा वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. मी टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायला होते, सत्तरच्या दशकात लागले. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जाळं, हातात तिकीट आणि पेन्सिल. कॉल लागला की आवाज नीट जातोय का हे ऐकायचं, तिकिटावर वेळ टिपायची आणि आपल्याला ऐकू येणारी ती बोर्डावरची 'की', म्हणजे खटका, बंद करायची. पुढचं ऐकायचं नाही, हा नियम. मी तो पाळायचे, पण पहिलं वाक्य तर कानावर पडणारच ना?

हळदीच्या अडतीत एक दिवाणजी होते, तरुण. दर शनिवारी दुकानातून पुण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाला पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून देणारा कॉल, लावायचे. तीनच मिनिटं. त्यांचं पहिलं वाक्य कायम एकच, "जेवलीस का?" बोर्डावरच्या आम्ही सगळ्याजणी त्या कॉलची वाट बघायचो. सात मिनिटं लाइन मिळाली नाही तर जीव वरखाली व्हायचा.

मग एका शनिवारी त्यांचा कॉलच नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी पुण्याहून तिनंच बुक केला. दुकानातून उत्तर आलं, गावी गेलेत. तिचा आवाज असा बसला की मला राहवलं नाही. मंगळवारी तासगावहून त्या दुकानाला कॉल आला होता, तो मीच जोडला होता. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. नियम मोडून मी तिला म्हटलं, "बाई, वडील आजारी आहेत त्यांचे. तुमच्यावर राग नाही." पलीकडे काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "सांगली बोर्ड."

वर्षभरानं ऑफिसात पत्रिका आली. पाकिटावर लिहिलं होतं, 'ट्रंक बोर्डावरील सर्व भगिनींस'. ती मी अजून जपून ठेवलीय, हळदीचं बोट लागलेली.

मंगळवार पेठ, सातारा

1984 साल. आमच्या आळीत एकच टीव्ही, तो आमच्याकडे. 'ये जो है जिंदगी' ही हिंदी विनोदी मालिका लागली की माजघरात पाय ठेवायला जागा नसायची. शफी इनामदार, स्वरूप संपत, आणि सतीश शहा दर भागात नव्या सोंगात. कुणी म्हणायचं हा तोच, कुणी म्हणायचं नव्हेच. आजी दिवा बंद करायला लावायची. व्होल्टेज उतरलं की चित्र आकसायचं आणि स्टॅबिलायझर टकटक करायचा.

आजीला हिंदी फारसं कळत नव्हतं, म्हणून ती माणसं बघायची. एकदा माझ्या आत्येला हळूच म्हणाली, "सगळे हसले की ती दोघं मागनं हसत्यात. त्यांचं टीव्हीकडं ध्यानच न्हाई." ती दोघं म्हणजे शेजारची शिक्षिका आणि माझा चुलत चुलता. आजीनं कुणाकडे वाच्यता केली नाही. सरळ मुलीच्या आईकडे कंदी पेढे घेऊन गेली.

मिरज

वडिलांचं सलून होतं. स्थळ आलं की मुलीकडचे आधी आमच्याकडे यायचे. पोरगा कसा आहे, पितो का, उधारी करतो का? वडील फार बोलायचे नाहीत. "पोरगा चांगला" म्हणाले की बोलणी पुढे जायची. एकदा ते नुसतेच वस्तऱ्याला धार लावत राहिले. समोरचा माणूस उठला, पैसे देऊन निघून गेला. त्या मुलीचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं.

सांगली

सगळं गोड गोड वाचतेय, म्हणून माझंही लिहिते. 1991. आयर्विन पुलावर वर्गातल्या मुलानं माझी वही परत दिली. पाच मिनिटं उभे होतो, नदीला पाणी चढलेलं होतं, ते बघत. संध्याकाळी घरी गेले तर आईला तीन घरांतून तीन गोष्टी कळल्या होत्या. एकीत आम्ही हात धरला होता, दुसरीत पळून जायचं ठरलं होतं, तिसरीत कोर्टात लग्न झालेलं होतं. वडिलांनी दुसऱ्या वर्षातून माझं नाव काढून घेतलं. ती वही अर्थशास्त्राची होती. मालिकेत गैरसमज अर्ध्या तासात मिटतो. मी बीए पूर्ण केलं चौतिसाव्या वर्षी, बाहेरून, दोन पोरांना झोपवून. ज्यांनी बोललं त्यांतली एक बाई अजून बाजारात भेटते आणि हसून विचारते, "काय गं, बरी आहेस ना?"

धागाकर्ती

सांगलीच्या वहीवाल्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या वाड्यातही अशी एक मुलगी होती. ती संध्याकाळी राजवाड्याजवळ कुणाशी बोलताना दिसली, हे घरी येऊन सांगणारी मी होते. तेरा वर्षांची. मला काहीतरी मोठी बातमी आणल्यासारखं वाटलं होतं. महिन्याभरात तिला मामाकडे पाठवलं. बार्नीची गोष्ट लिहिताना तिचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. आज तिच्या भावाकडून तिचा नंबर घेतला. जेवणं झाली की फोन करणार आहे.