सिंगापूर स्टडी टूरचा शेवटचा दिवस: बॅगा, जीएसटी रिफंड आणि रात्रीचा घोडबंदर

प्रश्न: कासारवडवलीकर
ठाण्यातल्या आर्किटेक्चर कॉलेजची टूर आहे. शेवटच्या दिवशी सकाळी ११ ला हॉटेल सोडायचं, विमान रात्री ८ चं. मधल्या वेळात मरीना बॅराज (समुद्राच्या तोंडाशी बांधलेलं धरण) आणि यूआरएची, म्हणजे तिथल्या नगररचना प्राधिकरणाची, सिटी गॅलरी. खरेदीवरचा जीएसटी परत कसा मिळतो? स्टडी मॉडेल, कटर, स्प्रे गोंद कुठल्या बॅगेत? आणि मुंबईत उतरल्यावर घोडबंदर रोडला यायला काय सोयीचं?

उत्तर: हिशेबी_नौपाडा
रिफंडचं काम विमानतळावर नाही, दुकानातच सुरू होतं. पैसे देताना मूळ पासपोर्ट दाखवायचा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. किमान खरेदी करासकट १०० सिंगापूर डॉलर. एकाच दुकानातली, त्याच दिवसाची तीन बिलं जोडून हा आकडा गाठता येतो. चौघांची खरेदी एकाच्या पासपोर्टवर चढवायची युक्ती मुलं हमखास काढतात, ती नियमात बसत नाही.

चांगी विमानतळावर क्रम महत्त्वाचा. वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्याआधी, इमिग्रेशनच्या अलीकडच्या किऑस्कवर (रिफंडच्या मशीनवर) पासपोर्ट स्कॅन करा. हातातल्या बॅगेत असेल तर पलीकडे, ट्रान्झिटमध्ये. किऑस्कने कस्टम्सला वस्तू दाखवायला सांगितलं आणि बॅग आधीच पट्ट्यावरून गेलेली असली, तर रिफंड गेला.

दर ९ टक्के. म्हणजे १०९ डॉलरच्या बिलात कर ९ डॉलर, त्यातूनही सेवाशुल्क कापतात. जेवण, हॉटेल यांवर काही मिळत नाही. टॅबलेट किंवा कॅमेरा घेतला असेल तरच ही खटपट करा, असं माझं मत.

उत्तर: सनबोर्ड
स्प्रे गोंद ज्वलनशील, कुठल्याच बॅगेत चालत नाही. उरलेला डबा तिथेच सोडा. कटर, ब्लेड, कंपास चेक-इनमध्ये, ब्लेडला जाड टेप गुंडाळून. पॉवर बँकेचं नेमकं उलटं: फक्त हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. छापील आकडा पुसट झाला असेल तर अडवू शकतात.

मॉडेल अख्खं आणायचा हट्ट नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग बेसपासून सुटं करून सपाट तुकडे कपड्यांच्या थरांत ठेवा. काया जॅम (नारळ-अंड्याचा) आणि सांबलच्या (मिरचीच्या चटणीच्या) बाटल्याही चेक-इनमध्येच. सुरक्षा तपासणीत त्या द्रवपदार्थांत धरतात आणि १०० मिलीच्या वरचं डबडं काढून घेतात.

उत्तर: खाडीकाठ
बॅगा हॉटेलातच ठेवायला सांगा आणि बॅराज सकाळी उरका. गच्चीवरच्या हिरवळीला सावली नाही, दुपारी वीजपावसाचाही भरवसा नाही. मरीना बे स्टेशनवरून ४०० नंबरची बस जाते. नुसते पतंग बघून परतू नका, पंपांची माहिती घ्या: भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की दारं उघडून उपयोग नसतो, मग साचलेलं पाणी पंपाने समुद्रात टाकतात. ठाण्याच्या मुलांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. सिटी गॅलरी रविवारी बंद असते, वार बघून घ्या.

आणखी एक, कुणी विचारलं नाही तरी: सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, येताना नाही आणि जातानाही नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा कॉलेजला पुरावा लागणार असेल तर दोन्हीकडचे बोर्डिंग पास आणि ईमेलवर आलेला ई-पास जपून ठेवा. सहभागाच्या प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, ते यजमान संस्थेतून निघण्याआधीच तपासा. परतल्यावर स्पेलिंग बदलून घेणं म्हणजे ईमेलचं लचांड.

कासारवडवलीकर
शिक्क्याचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. विमानतळावर किती आधी पोचावं? आणि घरी यायचं कसं?

उत्तर: हिशेबी_नौपाडा
एकट्याला तीन तास पुरतात. ग्रुप चेक-इन आणि किऑस्कची रांग धरून ४ वाजताच चांगीला पोचा. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाणार असाल तर डब्यात खाणंपिणं नको, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

विमान साधारण साडेपाच तासांचं, आपलं घड्याळ अडीच तास मागे. म्हणजे रात्री ११ च्या सुमारास टी-२. बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत बारा. दिवसा मेट्रो ३ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो १ ने घाटकोपर आणि पुढे लोकल असा स्वस्त मार्ग आहे, पण त्या वेळी आणि एवढ्या बोज्यासह तो सोडून द्या. जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने) पूर्व द्रुतगती महामार्गाने टॅक्सीच बरी. घोडबंदरला रात्री कंटेनरची गर्दी असते, तेवढा जास्तीचा वेळ धरा. मुलुंडच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. चालकाने मागितला तर देऊ नका.