अनुभव धागा : दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या मुलांनी केलेल्या वस्तू

अजिंक्यताऱ्याचा शेजारी, सातारा
राजवाड्याजवळ विक्रीला मांडलेले तयार किल्ले पाहिले आणि आठवीतल्या सुट्टीत आम्ही भावंडांनी केलेला अजिंक्यतारा आठवला. तोवर आमचा किल्ला म्हणजे विटा, पोती, चिखल आणि वर पेरलेले अळीव. त्या वर्षी मामांनी सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आणला. त्यात लगतच्या दोन समोच्च रेषांमधील (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचा फरक २० मीटर असतो. म्हणजे नकाशा दहापट मोठा करून प्रमाण १:५,००० केले की प्रत्येक थर ४ मिलिमीटरचा येतो, आणि खोक्याचा पुठ्ठाही साधारण तेवढाच जाड असल्यामुळे रेषेबरहुकूम कापलेले तुकडे एकावर एक चिकटवले की डोंगर उभा राहतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना चिखल कालवण्यात फारसा रस उरत नाही. या कामात मात्र ती जेवायलाही उठत नाहीत. आपल्याकडे या वयाच्या मुलांनी काय केले, ते कृपया लिहावे.

वाईकर
दादा, या प्रमाणात किल्ला चपटा दिसतो, कारण १०० मीटरचा चढ जेमतेम २ सेंटिमीटर भरतो. आमच्या कन्येने प्रत्येक रेषेसाठी दोन पुठ्ठे लावले आणि ‘उंची दुप्पट दाखवली आहे’ अशी पाटीही लावली. पाहुण्यांनी किल्ल्यापेक्षा पाटीचेच कौतुक अधिक केले.

विश्रामबाग, सांगली
आमच्याकडे किल्ल्याला जागा नाही, म्हणून मुलगा कंदिलाकडे वळला. सारख्या लांबीच्या २४ कामट्यांचे सहा चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधायचा. मधल्या रिकाम्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. हे त्रिकोण वेगळे करावे लागत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले तेव्हा त्याने भूमितीचे पुस्तक आपणहून काढले, याची आम्ही घरात अजूनही चर्चा करतो. कामट्या तासण्याचे काम मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसूनच करून घ्यावे, कारण बांबूची कड पात्यासारखी कापते.

माई
कागद चिकटवायला बाजारचा डिंक कशाला, मैद्याची खळ उत्तम. आमचे वडील कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत.

विश्रामबाग, सांगली
माई, खळ नक्की करू. मोरचूद विषारी असल्यामुळे घरात लहान भावंडे असताना ते टाळलेलेच बरे, आणि आमचा कंदील तुळशीच्या लग्नापलीकडे टिकतही नाही.

मिरजेची आत्या
मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर भाच्याला वाद्य करण्याचा ध्यास लागला. तंबोरा आवाक्याबाहेरचा होता, म्हणून वाळलेल्या लहान भोपळ्याची एकतारी ठरली. भोपळा कोरडाच कापला तर तडकण्याची भीती असते, म्हणून तो आधी भिजवला. तोंडावर पातळ प्लायवूड बसवले, आरपार बांबू घातला आणि खुंटी बसवून एक तार ताणली. सूर पहिल्या दिवशी लागला नाही, कारण खुंटी सैल बसून फिरत होती. भोकात खडूची पूड भरल्यावर ती घट्ट बसली.

वाईकर
आत्या, ही युक्ती आमच्या घरच्या जुन्या तंबोऱ्यालाही उपयोगी पडेल. भोपळा किती वेळ भिजवला होता, तेही लिहावे.