अवकल समीकरणं: मिश्र प्रश्नात प्रकार कसा ओळखायचा आणि पीआयच्या फेल केसमध्ये एक्स कुठून येतो?

विश्रामबाग_बीएससी१

नमस्कार. सांगलीत बीएससी भाग १ ला आहे. प्रकरणाखालची गणितं सुटतात, कारण प्रकार वर लिहिलेलाच असतो. सगळे प्रकार एकत्र आले की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. दोन नेमक्या शंका आहेत (वाय′ म्हणजे डीवाय बाय डीएक्स):

(एक्स + २वाय^३)·वाय′ = वाय. हे लिनिअर (वाय आणि वाय′ फक्त पहिल्या घातात) दिसत नाही, समघातीही (सगळ्या पदांचा एकूण घात सारखा) नाही. मग काय?

वाय″ − ३वाय′ + २वाय = ई^(२एक्स). पीआय (उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग) काढताना डीच्या (डी म्हणजे डी बाय डीएक्स) जागी २ टाकलं की छेदात शून्य येतं, हीच फेल केस. तिथे ‘एक्सने गुणा आणि छेदाचं विकलन करा’ असं वहीत आहे. पण का?

सदरबझार_सातारा

पहिलं उलटं करून बघ. वाय′ ऐवजी डीएक्स बाय डीवाय घेतलंस की:

डीएक्स/डीवाय − एक्स/वाय = २वाय^२

आता एक्स हा अवलंबी चल आणि समीकरण त्याच्यात सरळ लिनिअर आहे. आयएफ (ज्याने गुणलं की डावी बाजू थेट इंटिग्रेट होते तो गुणक) = १/वाय. म्हणून एक्स/वाय = ∫२वाय डीवाय = वाय^२ + सी, म्हणजे एक्स = वाय^३ + सी·वाय. वायचा घात नको तिथे आणि एक्स एकटा पहिल्या घातात दिसला, की हे उलटवणं आधी सुचायला हवं.

क्रम असा ठेव. चल दोन बाजूंना सुटे होतात का? नाही तर वायमध्ये लिनिअर आहे का, नाही तर एक्समध्ये? मग समघाती. एक्झॅक्टची (समीकरण एखाद्या फलनाचं पूर्ण विकलन आहे का याची) तपासणी शेवटी, कारण तिथे दोन अंशतः विकलनं करावी लागतात आणि वेळ जातो. चल सुटे करताना वायने भागलंस तर वाय = ० हे उत्तर गळतं. वाय′ = वाय^२ चं उत्तर वाय = −१/(एक्स + सी), पण सीची कोणतीही किंमत घेतली तरी त्यातून वाय = ० मिळत नाही. ते वेगळं लिहायचं.

लिनिअरमध्ये बहुतेक गुण एकाच जागी जातात. एक्स·वाय′ + २वाय = एक्स^३ हे घे. वाय′ चा गुणक १ केल्याशिवाय पी (म्हणजे वायचा गुणक) ठरत नाही. पी = २ धरून आयएफ ई^(२एक्स) लिहिला की पुढचं सगळं वाया. एक्सने भाग, पी = २/एक्स, आयएफ = ई^(२ लॉग एक्स) = एक्स^२. (२एक्स नव्हे! आधी २ घातात चढव.) मग वाय·एक्स^२ = एक्स^५/५ + सी, म्हणून वाय = एक्स^३/५ + सी/एक्स^२. सी इंटिग्रेशनच्या पायरीलाच लिहायचा. शेवटी आठवण झाली म्हणून नुसता ‘+ सी’ जोडला तर उत्तर चूक.

गणित_मिरज

पीआयचं मी सांगतो. डावी बाजू (डी − १)(डी − २)वाय आहे. (डी − २) हा घटक ई^(२एक्स) ला शून्य करतो, म्हणूनच ई^(२एक्स) सीएफमध्ये (उजवी बाजू शून्य धरून येणाऱ्या उत्तरात) आलेलं आहे. मग ए·ई^(२एक्स) असं पीआय धरलं तर ए काहीही घे, डावीकडे शून्यच येणार. आपल्याला तर उजवीकडे ई^(२एक्स) हवंय. छेदातलं शून्य नेमकं हेच सांगतं.

आता एक्स·ई^(२एक्स) वर (डी − २) चालव: ई^(२एक्स) उरतं. राहिलेला घटक (डी − १), त्यात २ टाकले की १. म्हणून पीआय = एक्स·ई^(२एक्स). वहीतला नियमही तेच देतो: छेदाचं विकलन २डी − ३, डी = २ ला किंमत १. मूळ दोनदा आलं, म्हणजे (डी − २)^२ असेल, तर एक्स^२·ई^(२एक्स)/२ येतं.

साइन-कोसाइनलाही हीच अडचण असते. वाय″ + ४वाय = कॉस २एक्स मध्ये डी^२ = −४ टाकलं की शून्य; पीआय = एक्स·साइन २एक्स/४. बाहेर आलेल्या त्या एक्समुळे आंदोलनाचा विस्तार वाढत जातो, फिजिक्समधला रेझोनन्स तो हाच.

सुरुवातीच्या अटी दिल्या असतील तर सी१, सी२ काढायच्या आधी पीआय मिळवून घे. नुसत्या सीएफला अटी लावलेले पेपर दरवर्षी असतात.

तासगाव_ठिबक

मित्रा, टाकीची गणितं पण सोडू नकोस. आपल्याकडे द्राक्षबागेत ठिबकच्या लाइनला खताची बंद टाकी जोडतात, ते पुस्तकातलंच गणित आहे. टाकी ६० लिटरची, तिच्यातून मिनिटाला १० लिटर पाणी जातंय, खत पूर्ण विरघळलेलं. टाकीतलं खत एम, सुरुवातीचं एम० आणि मिनिटं टी धरली तर डीएम/डीटी = −एम/६, एम = एम० ·ई^(−टी/६). सहा मिनिटांनी ३७ टक्के उरतं, २४ मिनिटांनी २ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे टाकीच्या चौपट पाणी गेलं की खत जवळपास संपलं. सुरुवातीला दाट आणि नंतर पातळ जातं ते यामुळेच. एकसारखं हवं असेल तर व्हेंचुरी (पाण्याच्या प्रवाहाने खत ओढून घेणारी नळी) किंवा पंप लागतो.

विश्रामबाग_बीएससी१

मॅडम, सर, दोन्ही शंका फिटल्या. दादा, टाकीतच एक अडलंय: १००० लिटर पाण्यात २० किलो मीठ, आत मिनिटाला १० लिटर साधं पाणी, बाहेर ८ लिटर. तेव्हा १००० नेच भागायचं का?

तासगाव_ठिबक

नाही. पाणी मिनिटाला २ लिटरने वाढतंय, म्हणून छेदात १००० + २टी (मीठ एस धर). डीएस/डीटी = −८एस/(१००० + २टी), चल सुटे होतात, एस = २०·(५००/(५०० + टी))^४. टाकीची क्षमता किती दिलीय तेही बघ. १५०० लिटर असेल तर हे उत्तर टी = २५० पर्यंतच चालतं, तेव्हा मीठ साधारण ३.९५ किलो. त्यानंतर टाकी भरून वाहते, बाहेर जाणारा वेग १० होतो आणि समीकरण नव्याने मांडावं लागतं.