मक्यात बुरकुंडाचा (दाणे काढलेल्या कणसाचा) कोळसा टाकला तर मका पिवळा पडला, कुठं चुकलं? मदत हवी

नमस्कार मंडळी, खानापूर तालुका (बेळगाव), नंदगडच्या बाजूला सव्वा एकर तांबडं रान हाय, पावसाळ्यात मका करतो (कन्नड शेजारी गोविनजोळ म्हणतात). माती तपासली तर पीएच 5.4, म्हणजे आंबट. आमच्याकडचा पाऊस म्हाईतच असंल, युरिया टाकला की रात्री धो धो आणि सकाळी खत शेजाऱ्याच्या भातात.

म्हणून यंदा 10 गुंठ्यात बायोचार (मातीत घालायचा कोळसा) करून बघितला. खड्डा मारला, मळणीची बुरकुंडं थोडी थोडी पेटवत गेलो, वर राख धरायला लागली की पुढचा थर, शेवटी पाणी ओतून विझवलं. कोळसा झकास झाला, मोडला की कट्ट आवाज. 14 पोती भरली. तोच कोरडा कोळसा पेरणीआधी सरीत टाकला, वर नेहमीचं डीएपी, आणि कोळसा खत धरून ठेवतो म्हणे म्हणून युरिया निम्माच दिला, इथंच शहाणपणा नडला की काय. गुडघ्याएवढा झाला तोवर खालची पानं शेंड्याकडनं मधल्या शिरेनं पिवळी, आणि बाकीच्या एकरात हिरवागार. बायको म्हणते चुलीत घातला असता तर भाकऱ्या तरी झाल्या असत्या.

दुसरं म्हणजे कोळसा हेक्टरी 10 टन सांगतात, म्हणजे एकरी 4 टन, चार-पाच किलो वाळकं जाळावं तेव्हा किलोभर कोळसा, एवढं आणायचं कुठनं, ताटं तर जनावरं खातात, 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400 कागदावर पण व्यापारी तेवढा देईना, मजुरी धरली तर परवडतं का?

प्रतिसाद: दादा, कोरा कोळसा उपाशी असतो, नत्र आधी तोच ओढतो, त्यात तुम्ही युरिया निम्मा केलात. शेणकाल्यात नाहीतर गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवा, मग रानात. पहिल्या वर्षी रासायनिक खत कमी करायचंच नाही, फक्त हप्ते पाडून द्या. 4 टनाच्या मागं लागू नका, दरसाल होईल तेवढा सरीतच टाका, मातीत तो वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळं मजुरी एकाच मक्यावर धरू नका. कोळशानं पीएच चढतो, म्हणून तुमच्या आंबट रानाला चालतं, बैलहोंगलकडच्या काळ्या रानाला मी सांगणार नाही, तिथं पीएच आधीच चढा.

धागाकर्ता: धन्यवाद. तुरा अजून आलेला नाही, राहिलेला युरिया आता दिला तर सावरंल का?

प्रतिसाद: द्या की, पण उघडीप बघून, आणि मातीआड करा. खळ्यावर त्या 10 गुंठ्याचा मका वेगळा वजन करा, बाजूच्या 10 गुंठ्याचा वेगळा, आणि इथं आकडे टाका.